आज माझा उपवास नाही

बँकेच्या नोकरीत मी हजारो कागदांवर सह्या केल्या. त्यांतली एकही खोटी नव्हती, असे छातीवर हात ठेवून सांगू शकतो. तोंडी मात्र एक खोटे मी सुमारे तीन वर्षे अगदी नियमाने बोलत होतो. ते तीनच शब्दांचे होते : "आज उपवास आहे."

१९८६ साली माझी बदली वडगाव मावळला झाली. वय सत्तावीस, एम.कॉम. होऊन बँकेत लागून चार वर्षे झालेली, आणि शेतीकर्जाचे काम प्रथमच हाती आलेले. शाखेच्या वाट्याला आंदर मावळातली बरीच गावे होती. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली वाटलेल्या म्हशी, विहिरीवरची इंजिने, भातासाठी दिलेले पीककर्ज, या सर्वांची जागेवर जाऊन तपासणी करावी लागे. कान्हे फाट्यावरून टाकव्यापर्यंत एस.टी., पुढे पाय. सोबत कोणी नसे. दुपारी बाराच्या सुमारास ज्या घरी पोहोचावे तिथे चुलीवर भाकरी असायचीच, आणि मावळातल्या माणसाचे पहिले वाक्य कर्जाविषयी नसते, "जेवला का?" हे असते.

नाही म्हणण्यास माझ्याजवळ दोन कारणे होती. एक नियमाचे. कर्जदाराच्या घरी अधिकाऱ्याने जेवू नये, असे मला शिकवले गेले होते. दुसरे धर्माचे. कांदा, लसूण, बटाटा घरात येत नाही अशा स्थानकवासी घरात मी वाढलो. ही दोन्ही कारणे सांगण्यासारखी होती, पण सांगायला वेळ लागतो, समोरच्याला वाईट वाटेल अशी भीती वाटते, आणि खरे सांगायचे तर आपण वेगळे आहोत हे अनोळखी अंगणात उभे राहून सांगण्याचा संकोचही होता. त्यापेक्षा उपवास सोपा. उपवासाला कोणी आग्रह करत नाही.

असा माझा समज होता. तो एका म्हातारीने मोडला.

१९८७ च्या थंडीत एका वस्तीवर म्हैस पाहायला गेलो. कर्जदार साठीची विधवा बाई, घरात एक नातू. तो नातू मला आणायला टाकव्यापर्यंत आला होता. म्हैस होती, कानात विम्याचा बिल्ला होता, दूध डेअरीला जात होते. तपासणी दहा मिनिटांत संपली. आजीने पितळी धुऊन मांडलेली होती. मी ठरलेले वाक्य बोललो. आजी थबकली, मग म्हणाली, "आसू द्या. बसा जरा." ती मागल्या दाराने शेजारी गेली आणि पदरात शेंगदाणे घेऊन आली. चुलीतल्या निखाऱ्यात चार रताळी सारली. आमच्या महाराष्ट्रातल्या घरांत उपवास म्हणजे साबुदाणा, बटाटा, रताळे हे मी विसरलो होतो. ज्या कंदमुळांपासून पळण्यासाठी मी उपवास पुढे केला, तीच आता माझ्यासाठी भाजली जात होती!

मग एका खोट्यावर दुसरे. "आजी, आमच्या जैनांचा उपवास नुसत्या पाण्यावरचा असतो." हे वाक्य स्वतंत्रपणे खरेच आहे. तिविहार उपवासात दिवसा उकळलेले पाणी तेवढे चालते. परंतु माझा उपवास नव्हता. टाकव्याच्या थांब्यावर मी चहा आणि बिस्किटे घेतली होती, आणि त्या वेळी तो नातू माझ्या शेजारी बाकावर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले. आठ-नऊ वर्षांचा मुलगा. तो काही बोलला नाही. आजीने रताळी बाहेर ओढली, नातवाच्या हातात दोन दिली, उरलेली झाकून ठेवली, आणि भाकरीची टोपली फडक्याखाली सारली. "पाव्हना उपाशी जायचा आन् मी जेवायचं, ह्ये बरं दिसत न्हाई," म्हणाली. मी निघालो तेव्हा उन्हे कलली होती. ती बाई त्या दिवशी माझ्या खोट्यापायी किती वाजेपर्यंत जेवली नसेल, हा हिशेब मला अजून लागलेला नाही.

नियमाचे कारणही पुढे लंगडे निघाले. राष्ट्रीयीकृत बँकांच्या अधिकाऱ्यांसाठी १९७६ साली जे आचरण विनियम आले, त्यांत भेटवस्तूंविषयीचे कलम आहे. प्रासंगिक जेवण किंवा सहज केलेला पाहुणचार ही भेट समजली जाणार नाही, असे त्यातच म्हटले आहे. टाळायचा आहे तो डामडौलाचा आणि वारंवारचा पाहुणचार. पदोन्नतीच्या परीक्षेसाठी वाचताना मला हे दिसले. एक भाकरी आणि पितळीभर आमटी कोणत्याही लेखापरीक्षकाने डामडौल मानली नसती. मी नियमाच्या आड उभा होतो, आणि नियम तिथे नव्हताच.

निवृत्तीनंतर आम्ही वडगावातच स्थिरावलो. या गावाचे ग्रामदैवत पोटोबा महाराज. 'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण महाराष्ट्रभर चालते. आमच्या गावात तो पोटोबा देवळातच बसला आहे. आणि ज्या गोष्टीसाठी वडगावचे नाव इतिहासाच्या पुस्तकात आले, तीही पोटाचीच आहे. १७७९ च्या जानेवारीत पुण्यावर चालून आलेली इंग्रज फौज तळेगावापर्यंत पोहोचली. मराठ्यांनी वाटेतला मुलूख उजाड केला होता, तळेगाव जाळून टाकले होते. दाणा नाही, वैरण नाही. ११ जानेवारीच्या रात्री फौज मागे फिरली, वडगावात महादजी शिंद्यांच्या वेढ्यात अडकली आणि १६ तारखेला तिला तह करावा लागला. तहाची कलमे शाळेत पाठ केली होती. बंद चुलीचा भाग लक्षात यायला मात्र इथे राहावे लागले. मावळाने अन्न आवरले की फौज अडते. तेच अन्न एकट्या वाटसरूला न मागता मिळते.

मूळ मुद्द्याकडे येतो. गेल्या मार्गशीर्षात मी एकटाच पाल्याच्या लेण्याला गेलो. कामशेतपासून आत, नाणे मावळात पाले गावच्या डोंगरात हे छोटे लेणे आहे. आपल्या वाचकांपैकी पालिताणा, सम्मेदशिखर, राणकपूर सर्वांनी केले असेल. हे लेणे फारच थोड्यांनी पाहिले असेल, याची मला खंत वाटते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रा. ल. भिडे यांना ते आढळले, आणि डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शोभना गोखले यांनी तिथला ब्राह्मी लेख वाचला. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला हा लेख नवकार मंत्राच्या पहिल्या पदाने सुरू होतो. त्यावरूनच अभ्यासकांनी ते जैन लेणे मानले. पुढे भदंत इंद्ररक्षिताने हे लेणे आणि पोढी करविली, असे आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. दोन हजार वर्षांपूर्वी ज्याने निवारा दिला, त्याने पाण्याचीही व्यवस्था केली आणि ती दगडावर नोंदवली. जमाखर्चाच्या माणसाला हे विशेष भावले.

सकाळची लोकल पकडून कामशेतला उतरलो, पुढे मिळेल ते वाहन. पाठीवर खाखरे, मेथीचे ठेपले आणि उकळून गार केलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या. शेवटची चढण माझ्या वयाला साजेशी नव्हती. लेख पाहून, हात जोडून, बराच वेळ बसून उतरू लागलो तेव्हा वाट चुकलो आणि भलत्याच ओढ्यात शिरलो. ठेपले दहा वाजताच संपले होते. खाखऱ्यांची पुडी बसण्याच्या नादात वरच राहिली. वस्तीत पोहोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते, परतीच्या वाहनाला अवकाश होता, आणि त्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. माझा चौविहार आहे. दीड तासात काही खाल्ले नाही, तर दुसऱ्या दिवसाच्या नवकारशीपर्यंत काही नाही.

पहिल्याच अंगणात एक गृहस्थ भाताच्या पेंढ्याची गंजी रचत होते. गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी मला पाहिले, हातातला पेंढा खाली ठेवला आणि विचारले, "कुठनं येनं केलं, माउली? जेवान झालं का?"

अडतीस वर्षांनी तोच प्रश्न. जिभेवर तेच तीन शब्द आले, हे कबूल केले पाहिजे. सवय एवढी जुनी असते. पण पोटात भूक होती, आणि भुकेने ते काम केले जे प्रवचनांनी केले नव्हते. मी म्हणालो, "जेवण झालेले नाही. उपवासही नाही. तुम्ही वाढाल तर जेवेन. पण मी जैन आहे. कांदा, लसूण, बटाटा, जमिनीखालचे कंद चालत नाहीत. आणि सूर्य मावळायच्या आत जेवावे लागते."

आतून त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. त्यांनी सगळे ऐकले होते. "येवढंच न्हवं? आमी चातुर्मासात चार म्हैने कांदा-लसूण शिवत न्हाई. तुमचा बारा म्हैने चातुर्मास." आणि त्या आत गेल्या. कांदेनवमीला कांदा खाऊन संपवायचा आणि आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत सोडायचा, ही माळकऱ्यांची रीत. आपला चातुर्मास आषाढ शुद्ध चतुर्दशीला सुरू होतो. दोन घरांची व्रते तीन दिवसांच्या अंतराने सुरू होतात, आणि आपण एकमेकांना त्याविषयी कधी विचारत नाही.

अर्ध्या तासात ताट आले. तांदळाची भाकरी, हिंग-जिऱ्याची फोडणी दिलेले हुलग्याचे पिठले, नव्या इंद्रायणीचा भात, त्यावर तूप. इंद्रायणी हे वाण आमच्या वडगावच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून काढले आणि ते १९८७ साली प्रसारित झाले. माझ्या त्या खोट्या उपवासाचेच ते वर्ष. नव्या तांदळाचा भात किंचित चिकट होतो, आणि त्याचा वास अंगणापर्यंत येतो. पाणी मी माझे घेतले. ताकाचा गडवा पुढे आला तेव्हा मी पुन्हा थांबवले. कडधान्यासोबत कच्चे ताक घेतले की आपल्याकडे त्याला द्विदल म्हणतात, हे त्या बाईंना कसे सांगावे? मी तोडकेमोडके सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला. "मंग आधी पिठलं संपवा, चूळ भरा, आन् दुसऱ्या वाटीत ताक घ्या." आमच्या घरच्या ज्येष्ठांनीही हाच तोडगा सांगितला असता!

जेवताना मी त्यांना टाकव्यापुढच्या आजीची गोष्ट सांगितली. का सांगितली, ते माहीत नाही. चहा, बिस्किटे, रताळी, नातू, सगळे. गृहस्थ हसले. बाई हसल्या नाहीत. भाकरी उलथता उलथता म्हणाल्या, "त्या म्हातारीला कळलं आसंल. पोरानं सांगितलंच आसंल." मग थोड्या वेळाने : "तिला वाटलं आसंल, आपल्या हातचं नगं."

इतकी वर्षे मी माझ्या खोट्याचा विचार करत होतो. त्या आजीला काय वाटले असेल, हे मला त्या संध्याकाळपर्यंत सुचले नव्हते. तिने माझा धर्म पाहिला नसेल, नियम पाहिला नसेल. आपल्या घरचे अन्न एका शिकलेल्या माणसाला नको आहे, एवढेच पाहिले असेल.

आपल्याकडे बारावे व्रत अतिथिसंविभाग. लहानपणापासून आपण ते देणाऱ्याच्या बाजूने शिकतो. साधू-साध्वी गोचरीला आले तर भाव कसे असावेत, पात्र कसे हवे, बेचाळीस दोष कोणते. घेणाऱ्याच्या बाजूचे शास्त्र साधूंसाठी आहे. आपण श्रावक कधी कोणाच्या दारात घेणारे म्हणून उभे राहू, असे आपल्या व्यापारी मनाला वाटतच नाही. आपण देणारे. पांजरपोळ, पाणपोई, अन्नक्षेत्र आपले. भगवान ऋषभदेवांना वर्षाहून अधिक काळ आहार मिळाला नाही, तो लोकांच्या कंजूषपणामुळे नव्हे. लोक हत्ती देत होते, रत्ने देत होते. काय द्यावे हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि प्रभू मौनात होते. श्रेयांसकुमाराला पूर्वभवाचे स्मरण झाले तेव्हा उसाचा रस मिळाला. तीर्थंकरांचे मौन वेगळे. माझ्यासारख्याला तोंड होते, ते मी उघडायला हवे होते.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडतो. ते घर माळकऱ्यांचे होते, हे माझे भाग्य. मावळात बहुतेक घरांत मांसाहार होतो, आणि त्याच भांड्यातला स्वयंपाक मी घेत नाही. या वयात घेणारही नाही. पण त्या घरीसुद्धा "उपवास आहे" याहून बरे उत्तर असते. "आम्ही मांसाहाराच्या भांड्यातले घेत नाही, केळे द्या, दूध द्या, गूळ-पाणी द्या, मी ओट्यावर बसून घेईन." मी हे नंतर दोन ठिकाणी करून पाहिले. एके ठिकाणी समोरचा माणूस थोडा खट्टू झाला, दुसऱ्या ठिकाणी त्याने झाडावरची पपई उतरवून दिली. खट्टू झालेला माणूसही आपल्याशी खरे बोलला गेले हे जाणतो.

आपली तरुण मुले आता हिमाचल, केरळ, परदेश असे एकट्याने फिरतात. पिशवीत महिनाभराचा नाश्ता असतो. गरम पाणी ओतले की पोहे, गरम पाणी ओतले की उपमा. मोठ्या सहलींत तर रसोईवाला महाराजच सोबत नेतात. एका परिचितांनी काश्मीरहून परत आल्यावर मला तिथल्या ढोकळ्याचे वर्णन ऐकवले होते! आहार सांभाळावा, यात माझे दुमत नाही; मीही ठेपले घेऊनच जातो. पण डबा पूर्ण भरलेला असला की कोणाच्या चुलीपाशी बसावे लागत नाही, आणि मग त्या प्रदेशातले एक माणूस तरी आपल्याला ओळखते, असे घडत नाही.

पाल्याच्या त्या अंगणात पावणेसहाला माझे जेवण आटोपले. हात धुऊन मी सवयीने खिशात हात घातला. व्यापाऱ्याचे रक्त, घेतले की चुकते करावे. गृहस्थांनी नुसती मान हलवली. मग तेच म्हणाले, "एक सांगा. वर दगडावर काय लिवलंय? पोरपनापास्नं बघतोय." गुरे राखायला ते त्या डोंगरावर जात असत. मी सांगितले : अरिहंतांना नमस्कार आहे, आणि इंद्ररक्षित नावाच्या भदंताने ही गुहा आणि पाण्याचे टाके करविले असे आहे. "टाक्याचंबी लिवलंय व्हय?" ते म्हणाले, आणि पत्नीला हाक मारून ते पुन्हा सांगायला लावले. निघताना मी माझा फोन नंबर दिला. वडगावला तालुक्याच्या कामाला आलात तर जेवायला आमच्याकडेच, असे बजावले. शब्द शिष्टाचाराचा नव्हता, पण ते येतील असे वाटलेही नव्हते.

माघात एका सकाळी फोन आला. फेरफाराच्या कामासाठी दोघे तहसील कचेरीत आले होते. मी सौ.ला सांगितले. तिने गवारीची भाजी, फुलके, गट्ट्यांची कढी असा बेत घेतला. साडेबाराला ते आले, हातपाय धुतले, पाटावर बसले, आणि ताटे मांडली तेव्हा गृहस्थ संकोचून म्हणाले, "वहिनी, सांगायचं राह्यलं. आज एकादशी. आमा दोगांचा उपास हाय."

सौ.ने माझ्याकडे पाहिले. आमच्या घरात बटाटा नाही, रताळे नाही; साबुदाणाही कंदापासूनचा म्हणून आणत नाही. उपवासाचे म्हणून घरात होते ते दूध, केळी आणि शेंगदाणे.

"भगर चालते ना तुम्हाला?" तिने विचारले.

"चालती की. जिरं-मिरची चालती. हळद नगं."

"बसा पाच मिनिटं," असे म्हणून ती मागल्या दाराने शेजारच्या कुलकर्णीवहिनींकडे वाटीभर भगर मागायला गेली.